मांडते की भांडते

बाईंकडे बोका नव्हता, हे मला कळायला अकरा दिवस लागले.

केडगावात मी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला गेले तेव्हा एकवीस वर्षांची होते. पहिल्याच दिवशी, अजून उजाडायचं होतं, तेव्हा अंगणातून खणखणीत हाक आली, "बोकेर! बोकेर!" मला वाटलं, म्हाताऱ्या बाई बोक्याला बोलावतायत. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मी खिडकीच्या फटीतून पाहायची. बाई पूर्वेकडे तोंड करून उभ्या, पांढरं पातळ, पायांत पुरुषी चपला, आणि बोका कुठेच नाही. दुसरं कुणी असतं तर सरळ विचारलं असतं. मी विचारणाऱ्यांतली नव्हते.

दूध घालायला येणारे आप्पा तर सहा वर्षं त्याच समजुतीत होते. आप्पा धनगर, बापजाद्यांची मेंढरं होती, आता स्वतःची चार एकर शेती आणि दोन म्हशी. ते मापावर रोज थोडं दूध जास्तीचं ओतत आणि म्हणत, "ह्ये बोक्याला." बाई गंभीरपणे "देव बरं करो" म्हणत आणि ते दूध चहात घालत.

अकराव्या दिवशी मी धीर करून विचारलं, "बाई, तुमचा बोका दिसला नाही कधी."

बाई पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, बोकेर म्हणजे सकाळ! हिब्रू आहे ते. बायबलातल्या स्तोत्रात राजा देवाला म्हणतो, सकाळी तू माझा आवाज ऐकशील, सकाळी. दोनदा म्हणतो. एकदा देवाला जागं करायला, एकदा स्वतःला." मग पदराने डोळे पुसत हळूच म्हणाल्या, "आप्पांना सांगू नकोस हं. दूध कमी होईल."

केडगावातल्या एका म्हाताऱ्या मराठी बाईला हिब्रू कसं येत होतं, याची गोष्ट त्या अगदी साधी करून सांगत. तान्ह्या असताना कुणीतरी त्यांना इथल्याच ख्रिस्ती आश्रमाच्या दारात आणून ठेवलं. तिथेच वाढल्या, तिथेच शिकल्या आणि चौदाव्या वर्षी तिथल्याच छापखान्यात जुळारीण म्हणून खिळे जुळवायला बसल्या. शिशाचे खिळे म्हणजे एकेक उलटं अक्षर. ते एकापुढे एक लावून ओळ तयार करायची. आश्रमातल्या एका वृद्ध शिक्षिकेला हिब्रू येत असे. शिकायला आलेल्या पाच मुलींपैकी चार जणी, उजवीकडून डावीकडे वाचायचं म्हटल्यावर, आठवड्यात पळाल्या. बाई राहिल्या. "मला काय? खिळे उलटेच वाचायची सवय. मला वाटलं, चला, एक तरी भाषा माझ्या बाजूने लिहिलेली आहे."

ती सवय पुढेही सुटली नव्हती. टेबलाच्या पलीकडे बसून कुणी वर्तमानपत्र वाचत असेल, तर बाई अलीकडून त्याच्या आधी पान संपवत. स्वतः लिहिताना मात्र त्या शिरोरेघ देत नसत. त्यांची स्तोत्रांची वही होती, मूळ हिब्रू ओळ आणि खाली त्यांनी स्वतः केलेलं, स्वतःच्याच तोंडी घातलेलं मराठी. त्यातली अक्षरं बोडकीच. विचारलं तर म्हणत, "चाळीस वर्षं हजारो रेघा जुळवल्या. आता हाताला सुट्टी."

एका गोष्टीचा त्यांना मोठा अभिमान होता. खिळ्यांच्या पेटीत भ आणि म यांचे कप्पे शेजारी-शेजारी. नवख्या मुलींचा हात नेहमी चुकायचा. "चाळीस वर्षांत," बाई बोट वर करून सांगत, "मी एकदाही म च्या घरात भ बसवला नाही." पाहुणे आले की हे वाक्य व्हायचंच, चहाच्या आधी नाहीतर चहानंतर.

आता पाटाविषयी सांगते. "बोकेर" म्हणून झालं की बाई अंगणात एक लाकडी पाट मांडत आणि त्यावर वस्तू ठेवत. गळक्या नळाचा झिजलेला वायसर. रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी. मानलेल्या भाचीचं न आलेलं पत्र, म्हणजे तिच्या पत्त्याचं जुनं पाकीट. एकदा तर फुलं गळणारं मिरचीचं अख्खं रोप कुंडीसकट. मग गुडघ्यांवर हात ठेवून एकेका वस्तूकडे बोट दाखवत त्या देवाशी बोलत, मोठ्याने, हिशेबी आवाजात, जशी एखादी बाई ग्रामसेवकाला कामं समजावून सांगते. ते झालं की खुर्ची उचलून फाटकापाशी जाऊन बसत आणि रस्त्याकडे बघत.

हेही स्तोत्रातलंच होतं. त्या ओळीचा पुढचा भाग असा, की सकाळी मी तुझ्यापुढे मांडतो आणि वाट पाहतो. "हे वाट पाहणं म्हणजे स्टँडवर गाडीची पाहतात तसं नाही," बाई सांगत. "बुरुजावरचा पहारेकरी बघतो तसं. येणारच आहे, फक्त कुठून ते बघायचं."

वायसर मांडल्याच्या तिसऱ्या दिवशी सायकलवरून प्लंबर आला. बाई विजयाने माझ्याकडे वळल्या. "बघ. आला."

"बाई, तुम्ही त्याला तीनदा निरोप पाठवला होता," मी म्हणाले.

"मग? निरोप न पाठवता प्लंबर येतो, एवढा माझा विश्वास नाही बाई."

पाटावरच्या वस्तू रोज बदलत. एकच रोज असे, कोपऱ्यात, शिशाचा एक बारीक खिळा. छापखाना सोडताना त्यांनी तो मागून घेतला होता. "हा कशासाठी?" मी एकदा विचारलं.

"हा मी," बाई म्हणाल्या. "असावं आपलं. त्याच्या कामाला काही लागलं तर." खिळा उलटा असल्याने त्यावरचं अक्षर मला ओळखता आलं नाही, आणि पुन्हा विचारायला मी लाजले.

आमचं घर दौंडचं. वडील रेल्वेत. मी दौंडलाच इंग्रजी शाळेत शिकले, घरी मराठी बोलायची, पण वाचायला घेतलं की अडखळायची. आम्ही बौद्ध, घरी वंदना व्हायची, देव नव्हता. राहायला आले त्याच दिवशी मी हे बाईंना सांगून टाकलं होतं, कारण नंतर सांगायला मला जास्त धैर्य लागलं असतं. बाई म्हणाल्या, "तुझ्या घरी देव नाही, माझ्या घरी एकच. म्हणजे फार गर्दी नाही होणार. राहा."

केडगावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला आले होते, एका वर्षाच्या बोलीवर. माझ्या आयुष्यात मी स्वतः ठरवलेली ती पहिली गोष्ट. वडिलांनी होकार दिला होता, पण तोही वर्षाचाच. नाही जमलं तर दौंडला परतायचं आणि मामांच्या ओळखीने एका ऑफिसात टायपिंगला बसायचं, असं ठरलं होतं. मला टायपिंग नको होतं. मला तो वर्ग हवा होता, आठवी अ, चोपन्न मुलं. हे मी कुणालाही बोलून दाखवलं नव्हतं.

आणि सप्टेंबरात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "मॅडम, तुमचं इंग्लिश फस्‌क्लास आहे. पण तुमचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. मी दारात उभा होतो, मलाच ऐकू आलं नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी संस्थेचे लोक येऊन तुमच्या तासाला बसणार आहेत. नाही पटलं, तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मी "येस सर" म्हणाले. त्यांनी विचारलं, "काय म्हणालात?"

बाईंना मी काहीच सांगितलं नाही. पण ज्या बाईला उलटी अक्षरं वाचायची सवय, तिच्यापासून चेहरा लपवणं कठीण. दुसऱ्या सकाळी त्या पाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुझं काहीतरी आहे. मांड."

"मी देव मानत नाही, बाई."

"मानू नकोस. मांड."

"पण काय मांडू?"

त्यावर बाईंचे डोळे चमकले. "तीच तर गंमत आहे! मूळ ओळीत ते लिहिलेलंच नाही. 'सकाळी मी मांडतो.' काय मांडतो? पुढे काहीच नाही. लाकडं म्हण, जेवण म्हण, तक्रार म्हण. मोठमोठे विद्वान तिथे आपापला शब्द घुसडतात. मी जागा मोकळी सोडलीय."

मी मान हलवून खोलीत निघून गेले. त्या दिवशी मोकळी जागा मोकळीच राहिली.

रविवारी सकाळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाण्याआधी बाईंच्या अंगणात छोटी प्रार्थना असायची. गल्लीतल्या चार-पाच जणी येत. आप्पाही येत, म्हणजे दूध घालायला येत आणि किटली खाली ठेवून उभे राहत. ऐकताना त्यांची स्वतःची मतं असत. देव माझा मेंढपाळ आहे, त्याची काठी मला धीर देते, असं स्तोत्र बाईंनी एकदा वाचलं, तेव्हा आप्पांनी मध्येच तोंड घातलं.

"बाई, काठी बघून मेंढराला धीर येत न्हाई. मेंढरू पळतंय."

"आप्पा, ती काठी लांडग्यासाठी आहे."

आप्पांनी जरा विचार केला. "मंग बराबर हाय. पन तसं लिवाया पायजे व्हतं."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी बाईंच्या चष्म्याची काडी मोडली. बाईंनी तो मोडका चष्मा उचलून पाटावर मांडला. मग वही उघडली, तर अक्षर दिसेना.

"धरा की डोळ्यावर हातानं," आप्पा म्हणाले.

"मांडलेली वस्तू परत उचलायची नसते, आप्पा. आता तो त्याच्याकडे आहे." त्यांनी वही माझ्याकडे केली. "तू वाच. एवढी एकच ओळ."

मी नको नको म्हणत असतानाच वही हातात आली. पाच बायका, एक आप्पा आणि एक बोडक्या अक्षरांची ओळ. मी वाचलं:

"सकाळी तू माझा आवाज ऐकशील. सकाळी मी तुझ्यापुढे भांडते आणि वाट पाहते."

शिरोरेघ नसली की म आणि भ जुळ्या भावांसारखे दिसतात. पण 'तुझ्यापुढे' म्हटल्यावर 'भांडते' बसत नाही, हे मराठी शाळेतल्या चौथीच्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. मग आप्पा म्हणाले, "खरं हाय की! रोजचं त्येच चालू असतंय बाईंचं," आणि अंगण हसण्याने फुटलं.

मी वही पायरीवर ठेवली, खोलीत गेले आणि कडी लावली. चूक साधी होती. पण मला वाटत होतं, हेच होणार. वर्गात संस्थेचे लोक बसलेले असतील आणि हेच होणार.

बायका गेल्यावर दार वाजलं. "मास्तरीणबाई," बाहेरून बाईंचा आवाज, "बाहेर ये. चाळीस वर्षांत जे मी केलं नाही ते तू एका ओळीत केलंस."

मी दार उघडलं. "सॉरी," म्हणाले.

"सॉरी काय? मी आत्ता बसून आठवतेय. किती दिवस तू मला विसरणार, असं विचारतो तो राजा. एका स्तोत्रात तर सगळे मिळून म्हणतात, ऊठ, झोपलास काय! हे काय मांडणं आहे? हे भांडण आहे! आणि मी आपली नीटनेटके वायसर मांडत बसलेय." त्या खरोखरच आनंदाने थरथरत होत्या. "परक्यापुढे माणूस मांडतं ग. आपल्या माणसाशी भांडतं. चल, भांड."

"कुणाशी?"

"तुझ्याकडे देव नाही, तर माझ्याशी भांड. मी हसले ना तुला? भांड."

"मला नाही येत."

"मग काय येतं? रडता येतं? कडी लावता येते?"

मला राग आला. आणि मला राग येतो तो इंग्रजीत येतो. मी अंगणाच्या मध्यावर उभी राहून इंग्रजीत पाच-सहा वाक्यं बोलले, इतक्या मोठ्याने की फाटकातून निघालेले आप्पा किटलीसकट थांबले.

"मराठीत!" बाई ओरडल्या. "आप्पांना कळलं नाही!"

"मला ही नोकरी हवी आहे!" मी ओरडले. "मला तो वर्ग हवा आहे! मला दौंडला टायपिंग करायचं नाही! आणि माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत जात नाही!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. आप्पांनी लांबूनच मान डोलावली. "जातूय की," म्हणाले. "हिकडं रस्त्यापतोर आला."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "झालं. मांडून झालं," त्या म्हणाल्या. "आता कामाला लागू."

दुसऱ्या सकाळपासून "बोकेर" नंतर नवाच कार्यक्रम सुरू झाला. मी अंगणाच्या टोकाला विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहायची, बाई फाटकापाशी खुर्चीत, आणि मी आठवी अ ची हजेरी घ्यायची, चोपन्न नावं. ऐकू आलं तर बाई "हजर!" म्हणत. नाही आलं तर गप्प बसत, आणि नाव पुन्हा घ्यावं लागे. आकाशसाठी बाईंचा घोगरा आवाज, दीपालीसाठी नाजूक, शेवटच्या बाकावरच्या मुलांसाठी जांभई देत. मधूनच आप्पा आले की मागचा बाक ते सांभाळत. एका मुलाच्या नावाला त्यांनी "हजर" न म्हणता "मेंढराकडं गेलाय" म्हणून सांगितलं, आणि मला तीन मिनिटं पुढचं नाव घेता आलं नाही, इतकी मी हसले. मोकळ्यावर, मोठ्याने हसायची मला सवय नव्हती. तो आवाजही माझाच होता, हे मला तेव्हा कळलं.

दिवसभर मग बाई त्याविषयी चकार शब्द काढत नसत. मीच कधी म्हणायची, "बाई, नाही जमलं तर?" तर म्हणत, "सकाळी मांडलंय ना? मग दुपारी परत कशाला? तेवढा भरवसा ठेवावा माणसाने. उद्या सकाळी पुन्हा भांडू."

संस्थेचे लोक आले त्या सकाळी पाटावर शिशाच्या खिळ्याशेजारी माझ्या खडूंची पेटी होती. मी ठेवली नव्हती. पण मी ती उचललीही नाही. शाळेत जाऊन नवी मागितली.

दोन गृहस्थ शेवटच्या बाकावर बसले, शेजारी मुख्याध्यापक. मी हजेरीपट उघडला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि विहिरीच्या कठड्यापाशी उभी आहे असं धरून पहिलं नाव घेतलं.

"आकाश!"

"हजर!" आमचा आकाश म्हणाला. आणि अर्ध्या भिंतीपलीकडून, आठवी ब मधून, दुसऱ्या एका आकाशचा आवाज आला, "हजर, बाई!"

वर्ग हसला. संस्थेचे लोकही हसले. मीही हसले, आणि हसतच पुढचं नाव घेतलं. त्या तासाचं पुढचं मला फारसं आठवत नाही. शेवटी मुख्याध्यापक जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, आता जरा हळू चालेल. ब ची हजेरी त्यांचे सर घेतील."

घरी आले तर बाई फाटकापाशीच होत्या. अकरा वाजल्यापासून बसल्या होत्या म्हणे, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काहीच न विचारता आत जाऊन चहा टाकला. नंतर स्तोत्रांची वही काढली. लाल पेन्सिलने 'मांडते' मधल्या म वर काट मारली, समासात मुद्रितं तपासणाऱ्याच्या पद्धतीने ठळक भ काढला आणि खाली लिहिलं, "जुळारिणीची चूक. सुधारली." चाळीस वर्षांचा अभिमान त्यांनी एका लाल रेघेत मोडला, आणि पाहुण्यांना सांगायला त्यांना त्याहून चांगली गोष्ट मिळाली.

मी केडगावात तीन वर्षं राहिले. पुढे शिरूर तालुक्यात निमोण्याजवळच्या शाळेत कायम झाले. सुट्टीत चौफुल्यावर एसटी बदलून बाईंकडे जात असे. शेवटची गेले तेव्हा त्यांना फार थोडं दिसत होतं आणि थोडंच ऐकू येत होतं. आप्पांची सून आता दूध घालायची आणि बोक्याचं दूध अजून चालू होतं. पाटावर आता फक्त खिळा होता. बाकी काही मांडायचं उरलं नाही, असं बाई म्हणाल्या, अगदी आनंदाने, जसं एखादी बाई सगळी भांडी घासून झाल्याचं सांगते.

"हजेरी घे," त्या म्हणाल्या.

मी विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. जुनी आठवी अ मला पाठ होती. आकाश, दीपाली, सगळी. बाई एकेकाचं "हजर" म्हणत गेल्या, घोगरं, नाजूक, जांभई देत. चोपन्न झाली. मग मी पंचावन्नावं नाव घेतलं, त्यांचं. तोवर मी त्यांना नेहमी नुसतं बाईच म्हटलं होतं. नाव घेताना आवाज फुटला नाही नीट.

बाई गप्प. मग कानामागे हात धरून म्हणाल्या, "मोठ्याने, मास्तरीणबाई. तिसऱ्या बाकापर्यंत आलं नाही."

मी श्वास घेतला आणि गल्लीला ऐकू जाईल असं ते नाव पुन्हा घेतलं.

"हजर!" बाई म्हणाल्या, स्वतःच्या आवाजात, आणि खुर्ची थोडी सरकवून फाटकाकडे तोंड करून बसल्या.